फंड काढला, पण रिटर्नमध्ये लिहायचा कुठं? भविष्य निर्वाह निधी आणि आयकराची शंभर वर्षांची गोष्ट

खामगाव असो, मलकापूर असो, चिखली की मेहकर असो, पैशाच्या इतिहासावर आम्ही बोलायला उभे राहिलो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा मागच्या रांगेत बसलेला असतो. तो म्हणतो, "साहेब, तीन वर्षं एका ठेकेदाराकडं काम केलं. काम सुटलं, फंड काढला. साठ हजार निघाले, त्यातले सहा हजार कापून हातात आले. पैसा माझ्या घामाचा. त्याच्यावर कर कशाचा?"

या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर कुणीही देईल: पाच वर्षं पूर्ण झाली नव्हती म्हणून. पण त्या उत्तरानं माणसाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. पाचच वर्षं का? कापले ते परत मिळतात का? रिटर्नमध्ये ते दाखवायचे कुठं? याचं नीट उत्तर द्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं. आज आपण तेच करणार आहोत.

जप्ती न पोचणारा पैसा

सुरुवात करू १९२५ पासून. त्या वर्षी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला, प्रॉव्हिडंट फंड्स ॲक्ट. त्याआधी १८९७ चा एक कायदा होता, त्याची जागा यानं घेतली. कायदा होता सरकारी आणि रेल्वेच्या फंडांसाठी. आपल्या जिल्ह्यात तेव्हा असा फंड असलेली माणसं कोण असणार? मुख्यतः कचेरीतले सरकारी नोकर, आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्टेशनांवरची रेल्वेची माणसं. बाकी सगळा जिल्हा शेतीवर आणि कापसावर. म्हातारपणाची सोय म्हणजे मुलगा आणि शेत, एवढाच हिशोब.

या कायद्याचं तिसरं कलम फार महत्त्वाचं आहे. सक्तीनं जमा झालेली फंडाची रक्कम कुणाच्या नावानं गहाण टाकता येणार नाही, आणि खातेदाराच्या कर्जापोटी दिवाणी, महसुली किंवा फौजदारी, कुठल्याही न्यायालयाच्या हुकमानं तिच्यावर जप्ती येणार नाही, असं ते कलम सांगतं. जप्ती हा शब्द वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शेत जप्त होतं, घर जप्त होतं, बैलजोडी जाते. तिथं कायदा म्हणतो की हा एक पैसा असा आहे की त्याला सावकाराचा हात लागणार नाही. पुढं १९५२ च्या कायद्यातही दहाव्या कलमानं हेच संरक्षण कामगाराला दिलं.

आता खरा प्रश्न इथं सुरू होतो. सावकार पोचू शकत नाही, न्यायालयाची जप्ती पोचू शकत नाही, मग आयकर खातं कसं पोचतं?

कर माफ नव्हे, कर पुढं ढकललेला

त्यासाठी १९२९ हे साल बघायला हवं. तेव्हा आयकराचा १९२२ चा कायदा चालू होता. सरकारी आणि रेल्वेच्या फंडांना सवलत होती, पण खासगी कंपन्यांनीही आपल्या नोकरांसाठी फंड काढले होते, त्यांचं काय करायचं? १९२९ मध्ये त्या कायद्यात एक नवं प्रकरण घातलं गेलं आणि "मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधी" ही कल्पना आली. फंड ठरलेल्या अटींत बसला, आयकर आयुक्तानं मान्यता दिली, की सवलत.

ही सवलत म्हणजे नेमकं काय, हे समजून घेऊ. मालक तुम्हाला शंभर रुपये देतो, तो पगार. त्या वर्षी त्याच्यावर कर. मालक तेच शंभर रुपये तुमच्या फंडात टाकतो, तेही खरं तर तुमच्या कामाचेच पैसे. पण कायदा म्हणतो, यावर आत्ता कर नको, कारण पैसा अजून तुमच्या हातात आलेला नाही आणि तो म्हातारपणासाठी आहे. त्यावरच्या व्याजालाही तीच सूट. तुम्ही स्वतः भरलेल्या हिश्श्यालाही करात सवलत, जी आज जुन्या करप्रणालीत ८०सी मध्ये मिळते.

म्हणजे हा एक करार आहे. सरकार म्हणतं, आम्ही थांबतो, तुम्हीही थांबा. तुम्ही पुरेसं थांबलात तर शेवटी सगळंच करमुक्त. आणि मध्येच पैसा काढून घेतलात तर पुढं ढकललेला कर मागितला जाणार. फंड काढल्यावर कर लागतो तो दंड म्हणून नव्हे. आधी न मागितलेला कर तेव्हा मागितला जातो.

१९२९ ची ही चौकट १९६१ च्या आयकर कायद्यात आली, ती चौथ्या परिशिष्टात. सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल तर साठलेली रक्कम करमुक्त, हा नियम तिथंच आहे. पण मंडळी, त्याच नियमाचा पुढचा भाग लोकांपर्यंत पोचत नाही. तो म्हणतो, पाच वर्षं झाली नसतील, पण नोकरी आजारपणामुळं गेली असेल, मालकाचा धंदा कमी झाल्यामुळं किंवा बंद पडल्यामुळं गेली असेल, किंवा नोकराच्या हातात नसलेल्या दुसऱ्या कारणानं गेली असेल, तरीही रक्कम करमुक्त. आणि तिसरी गोष्ट, जुन्या नोकरीचा फंड नव्या नोकरीच्या खात्यात वळवला असेल, तर दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजायची.

ज्या जिल्ह्यानं दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडलेला पाहिला, त्या जिल्ह्याला "धंदा बंद पडल्यामुळं" या शब्दांचं वजन सांगायची गरज नाही. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की दरवेळी माणूस नोकरी सोडत नाही, कधी नोकरीच माणसाला सोडते.

रुपयामागं एक आणा

१९५१ पर्यंत खासगी कारखान्यातल्या बहुतेक कामगारांना फंड नव्हताच. मालकाची मर्जी असेल तर होता. १५ नोव्हेंबर १९५१ ला वटहुकूम निघाला आणि मार्च १९५२ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. देशाचे अर्थमंत्री तेव्हा चिंतामणराव देशमुख होते. त्यांची आय.सी.एस. मधली सुरुवातीची वर्षं मध्यप्रांत-वऱ्हाडातच गेली होती.

सुरुवातीला फक्त सहा उद्योग घेतले: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कारखान्यात किमान पन्नास माणसं हवीत, कारखाना तीन वर्षं जुना हवा, आणि पगार तीनशे रुपयांच्या आत हवा. वर्गणी सव्वासहा टक्के. हा आकडा विचित्र वाटतो ना? तो रुपयामागं एक आणा असा हिशोब आहे. सोळा आण्यांतला एक कामगाराचा, आणि तेवढाच एक मालकाचा. १९६० च्या दुरुस्तीनं पन्नासची अट वीसवर आली, आणि १९९७ पासून वर्गणीचा सर्वसाधारण दर बारा टक्के झाला.

लहान धंद्यातला माणूस म्हणजे फंडात उशिरा आला. आणि आला तोवर कामाची रीत बदलली होती. कायम नोकरीच्या जागी ठेकेदारी आली. एका ठेकेदाराकडं अकरा महिने, दुसऱ्याकडं दोन वर्षं. प्रत्येकानं नवं खातं काढायचं, आणि काम सुटलं की माणसानं त्यातले पैसे काढायचे. माणूस पंधरा वर्षं एकाच गेटमधून आत जातो, पण कागदावर त्याची पाच वर्षं कधीच सलग होत नाहीत. २०१४ मध्ये यूएएन क्रमांक आला, म्हणजे माणूस एक, क्रमांक एक. पण क्रमांक एक असून भागत नाही. जुनी रक्कम नव्या खात्यात वळवली तरच वर्षं एकत्र येतात.

कपात म्हणजे अंदाज

आता मागच्या रांगेतल्या माणसाच्या सहा हजारांकडं येऊ.

पाच वर्षांआधी फंड काढला तर कर कसा मोजायचा, हे चौथ्या परिशिष्टातला नववा नियम सांगतो. फंड मान्यताप्राप्त नसता, तर त्या प्रत्येक वर्षी या माणसाला किती कर पडला असता ते वर्षागणिक काढायचं, आणि प्रत्यक्ष भरलेल्या करापेक्षा जो जास्त येईल तो मागायचा. आता विचार करा. ज्या वर्षी माणसाचं उत्पन्न कराच्या मर्यादेच्या बरंच खाली होतं, त्या वर्षी फंड धरूनही कर शून्यच आला असता. मग पुढं ढकललेला करही शून्य.

पण वर्षागणिक हिशोब फंडाच्या कार्यालयात बसून करणार कोण? तिथं माणसाचं बाकीचं उत्पन्न ठाऊक नसतं. ही अडचण सरकारनं मान्य केली आणि २०१५ मध्ये सोपा मार्ग काढला. १ जून २०१५ पासून कलम १९२-ए आलं: पाच वर्षांआधी फंड काढला आणि सूट बसत नसेल, तर सरसकट दहा टक्के टीडीएस. सुरुवातीला मर्यादा तीस हजारांची होती, वर्षभरात ती पन्नास हजार झाली. पॅन दिला नसेल तर कपात आणखी मोठी. पूर्वी ती सर्वात वरच्या दरानं होई, एप्रिल २०२३ पासून वीस टक्के झाली.

इथंच सगळा घोळ होतो. दहा टक्के कापले म्हणजे कर भरून झाला, असं लोक समजतात. तसं नाही. कपात हा अंदाज आहे. खरा हिशोब रिटर्नमध्ये होतो. आणि अंदाज चुकला की तोटा कुणाचा होतो ते बघा. मोठ्या पगारवाल्याला कर वीस-तीस टक्के लागतो, त्याचे दहाच कापले जातात, त्याला रिटर्नमध्ये उरलेले भरावे लागतात. कमी पगारवाल्याला कर शून्य, तरी दहा कापले जातात, त्याला ते परत मिळायला हवेत. पण मोठा पगारवाला दरवर्षी रिटर्न भरतोच. गरीब माणूस म्हणतो, "आपलं उत्पन्नच नाही, रिटर्न कशाला?" म्हणून त्याचे सहा हजार तिथंच राहतात.

२०१६ चा मार्च

सरकारला हा विषय किती नाजूक आहे हे एकदा चांगलंच कळलं. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी सुचवलं की १ एप्रिल २०१६ नंतरच्या वर्गणीतून साठलेल्या फंडाचा फक्त चाळीस टक्के भाग काढताना करमुक्त राहील. हेतू असा सांगितला गेला की लोकांनी सगळा पैसा एकदम न उचलता पेन्शन घ्यावी. पण देशभर गदारोळ झाला, आणि ८ मार्चला, म्हणजे आठ-नऊ दिवसांत, प्रस्ताव मागं घेतला गेला. पुढच्या महिन्यात मालकाचा हिस्सा अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम येऊ घातला, तेव्हा बंगळुरूच्या कपडा कारखान्यांतल्या बाया रस्त्यावर आल्या. तोही नियम मागं गेला.

म्हणजे शेवटी पाच वर्षांनंतर सगळं करमुक्त, हा जुना करार टिकला. एक तेवढी भर पडली: २०२१ पासून कामगाराची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांवर गेली, तर त्या वरच्या वर्गणीच्या व्याजावर दरवर्षी कर. ती मोठ्या पगाराची गोष्ट आहे.

बुलढाण्याचं उपोषण

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. फंडातला मालकाचा सगळा हिस्सा फंडात राहत नाही. १६ नोव्हेंबर १९९५ पासून त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन योजनेत जाते. हीच ईपीएस-९५. पेन्शनचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. या पगाराला मर्यादा होती, २००१ पासून साडेसहा हजार, सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजार. साडेसहा हजारांवर वीस वर्षं धरली तर पेन्शन येते महिना १,८५७ रुपये. त्यात महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये आहे.

एस.टी., सहकारी संस्था, कारखाने यांतून निवृत्त झालेल्या लोकांनी या विरुद्ध आवाज उठवला, आणि त्या देशव्यापी आंदोलनाचं केंद्र दिल्ली-मुंबई नव्हे, बुलढाणा झालं. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय संघर्ष समितीनं डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात जिल्हाधिकारी कचेरीसमोर साखळी उपोषण सुरू केलं. मागणी साडेसात हजार रुपये आणि महागाई भत्ता. मार्च २०२० मध्ये समितीचे लोक पंतप्रधानांनाही भेटले. त्याआधी २०१३ मध्येच राज्यसभेच्या भगतसिंह कोश्यारी समितीनं किमान तीन हजारांची शिफारस केली होती.

या उपोषणाचा आणि रिटर्नचा संबंध काय, असं विचाराल. संबंध असा की पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. दर ठिकाणी काम सुटल्यावर ज्यानं फंडही काढला आणि पेन्शनचा भागही काढून घेतला, त्याची मोजणी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू झाली. पाच वर्षं न झाल्यानं करात गेलं, आणि दहा वर्षं न झाल्यानं पेन्शन गेली. रक्कम नव्या खात्यात वळवणं हे एकच काम दोन्ही वाचवतं. काढून घेणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. घरात दवाखाना असेल, पोरीचं लग्न असेल, पेरणी तोंडावर असेल, तर माणूस आहे तो पैसा उचलणारच. पण फक्त "काढणं सोपं आणि वळवणं अवघड" म्हणून काढू नये, एवढंच आमचं म्हणणं.

मग लिहायचं कुठं?

आता शेवटचा भाग, वहीत उतरवून घ्या.

पाच वर्षं पूर्ण करून काढलेला फंड करमुक्त आहे, तरी रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या जागी दाखवावा. तिथं मान्यताप्राप्त निधी, कलम १०(१२), असा पर्याय असतो. सरकारी नोकराचा जीपीएफ असेल तर १०(११). बँकेत एकदम मोठी रक्कम आली आणि रिटर्नमध्ये तिचा पत्ताच नाही, असं होऊ देऊ नये.

पाच वर्षांआधी काढला आणि कुठलीच सूट बसत नसेल, तर रकमेचे चार भाग करा. मालकाचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज "वेतन" या सदरात. आपल्या हिश्श्यावरचं व्याज "इतर स्रोत" या सदरात. आपला स्वतःचा हिस्सा करपात्र नाही, मात्र त्यावर पूर्वी ८०सी ची सवलत घेतली असेल तर ती परत मोजली जाते. ज्यानं कधी सवलत घेतलीच नाही, त्यानं सगळेच्या सगळे साठ हजार उत्पन्न म्हणून लिहायचं कारण नाही. ही चूक फार होते.

काम आजारपणानं किंवा धंदा बंद पडल्यानं सुटलं असेल, तर त्याचा कागद जपून ठेवा: बंदची नोटीस, कामावरून कमी केल्याचं पत्र, दवाखान्याचे कागद. कपात झाली असली तरी सूट रिटर्नमध्ये मागता येते. ठेका संपला म्हणून काम गेलं, तर ते या सुटीत बसतं का? ते कागदांवरून ठरतं, म्हणून कागद हवेत.

कापलेली रक्कम फॉर्म २६एएस मध्ये आपल्या पॅनवर दिसते. वर्षाचं सगळं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल (जुन्या प्रणालीत सर्वसाधारण मर्यादा अडीच लाख, नव्यात २०२५-२६ या वर्षासाठी चार लाख), तर रिटर्न भरून पूर्ण रक्कम परत मागता येते. मुदत चुकली तर साधारण ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. तीही गेली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं त्याला करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. आणि अजून फंड काढायचाच असेल, कर लागणारच नसेल, तर पॅन देऊन फॉर्म १५जी आधीच भरला की कपात टळते.

पेन्शनची गोष्ट वेगळी. फंडाची एकरकमी रक्कम करमुक्त होते, पेन्शन होत नाही. ती "वेतन" सदरात जाते, हजार रुपये असली तरी. एवढ्याशा रकमेवर कर येत नाही, पण जागा तीच. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आपल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचंही तसंच. एनपीएस मधून निवृत्तीच्या वेळी मिळणारे साठ टक्के करमुक्त, उरलेल्यातून येणारी पेन्शन करपात्र. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी जो संप झाला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता की म्हातारपणाचा पैसा ठरलेला असावा की बाजारावर सोडलेला.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो. कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलतील. आज आपण जे आकडे बोललो ते जुन्या वर्षांच्या रिटर्नसाठी जपून ठेवा.

मागच्या रांगेतल्या माणसाला आम्ही काय सांगतो? त्याचा पहिला प्रश्न, कर कशाचा, याचं उत्तर त्याला मिळालं: पुढं ढकललेल्या कराचा. पण त्याच्या वाट्याला असा कर आलाच होता का, हे अजून कुणी मोजलेलंच नाही. ते मोजायची जागा रिटर्न आहे. म्हणून आम्ही त्याला म्हणतो, पॅन आणि २६एएस घेऊन ये, बसू. ते सहा हजार अजून तुझेच असतील.